चार्ल्सटनचं परसदार

चार्ल्सटनच्या जुन्या वस्तीत रस्त्यावरचं दार उघडलं की घर लागत नाही, ओसरी लागते. घराची अरुंद बाजू रस्त्याला, लांब बाजू अंगणाला आणि त्या लांबीभर एकावर एक अशा दोन-दोन, तीन-तीन मजली ओसऱ्या. एका खोलीच्या रुंदीची ही घरं तिथे ‘सिंगल हाउस’ म्हणून ओळखली जातात. ओसरी शक्यतो दक्षिणेला किंवा पश्चिमेला, वारा घरभर खेळावा म्हणून. अंगण ओलांडून मागे गेलं की दुसरं बांधकाम दिसतं. खाली स्वयंपाकघर, धुण्याची जागा, तबेला आणि वर लहान, कोंदट खोल्या. त्या खोल्यांत गुलाम राहत.

अमेरिकेतल्या सर्वांत देखण्या शहरांत चार्ल्सटनचं नाव घेतलं जातं आणि ते रास्तच आहे. पण दोन-तीन दिवसांची सहल आखताना बहुतेकांचा वेळ रस्त्याकडच्या बाजूतच संपतो. घोडागाडीतून फेरी, रंगीत घरांसमोर फोटो, संध्याकाळी कोळंबी, आणि परसदारी जायचं राहून जातं. ज्यांच्या श्रमावर हे शहर उभं राहिलं ती माणसं तिथे होती. म्हणून थोड्या दिवसांच्या सहलीत आधी परसदार पाहावं आणि मग दर्शनी बाजू. क्रम बदलला की तीच घरं, तेच रस्ते फार वेगळे दिसतात.

साउथ कॅरोलायना राज्यातलं हे बंदर इंग्रजांनी १६७० मध्ये वसवलं आणि त्याला राजा दुसरा चार्ल्स याचं नाव दिलं. दहा वर्षांनी वस्ती ॲशली आणि कूपर या दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या भूभागावर हलली. जुनं शहर आजही तिथेच आहे. आधी तांदूळ आणि नीळ, पुढे कापूस या पिकांनी इथले जमीनदार गडगंज झाले. अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धानंतर शहर इतकं खंगलं की जुनी घरं पाडून नवी बांधायला पैसाच उरला नाही. १९३१ मध्ये शहराने कायदा करून जुन्या भागाला संरक्षण दिलं. अमेरिकेतला अशा प्रकारचा तो पहिला कायदा. गरिबीने जे वाचवलं ते कायद्याने टिकवलं.

अटलांटाहून गाडीने पाच तास आणि शार्लटहून साडेतीन तास लागत असल्यामुळे त्या भागातल्या मराठी कुटुंबांना लाँग वीकेंडसाठी चार्ल्सटन सोयीचं पडतं. भारतातून आई-वडील आले की त्यांना घेऊन जाण्याच्या ठिकाणांतही ते बसतं. मात्र आई-वडील बहुधा उन्हाळ्यात येतात, आणि जून ते ऑगस्ट हा चार्ल्सटनचा सर्वांत घामट काळ. उत्तम दिवस मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंत, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. उन्हाळ्यातच जायचं असेल तर सकाळी लवकर बाहेर पडावं, दुपार संग्रहालयात काढावी आणि ऊन उतरल्यावर पुन्हा चालायला निघावं. मे महिन्याच्या शेवटी सुरू होऊन जूनमध्ये जाणारा ‘स्पोलेटो’ हा संगीत-नाटकांचा मोठा महोत्सव १९७७ पासून इथे भरतो. तेव्हा शहर बहारदार असतं आणि हॉटेलांचे दर चढे.

१ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये ‘ह्यूगो’ वादळाने या किनाऱ्याची वाताहत केली होती. त्यामुळे या महिन्यांत रद्द करता येईल असंच बुकिंग करावं. आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. शहराचा बराचसा भाग ओढे आणि दलदल बुजवून तयार झाला आहे. पाऊस नसतानाही मोठ्या भरतीला समुद्राचं पाणी गटारांतून वर येतं आणि सखल रस्त्यांवर साचतं. बंदरातली भरती ७ फुटांवर गेली की रस्ते ओले व्हायला लागतात. जायच्या आठवड्याचं भरतीचं वेळापत्रक आधी बघितलं तर गाडी कुठे लावू नये हे कळतं.

मुक्काम जुन्या शहरात परवडला तर उत्तम, कारण सिटी मार्केट या बाजारापासून दक्षिण टोकाच्या बागेपर्यंतचं अंतर दीड-एक किलोमीटरचंच आहे आणि गाडीची गरज पडत नाही. नाहीतर माउंट प्लेझंट किंवा नॉर्थ चार्ल्सटनमध्ये स्वस्तात खोली मिळते. सकाळी गाडी एखाद्या पार्किंग गराजमध्ये ठेवायची आणि दिवसभर पायी किंवा ‘डॅश’च्या मोफत बसने फिरायचं. बरोबर वयस्कर माणसं असतील तर बुटांकडे लक्ष हवं. जुने पदपथ झाडांच्या मुळांनी उचकटलेले आहेत आणि चाल्मर्स स्ट्रीटवर अजून गोल दगडांची फरसबंदी आहे. गुडघे दुखणाऱ्याला तिथे शंभर पावलंही जड जातात.

पहिल्या दिवशी सर्वांत आधी कूपर नदीच्या काठावर जावं. तिथल्या गॅड्सडेन्स वॉर्फ या धक्क्यावर गुलामांची जहाजं लागत. उत्तर अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी सुमारे ४० टक्के माणसं चार्ल्सटनच्या बंदरातून आली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्या धक्क्याच्या जागी २७ जून २०२३ रोजी इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम सुरू झालं. चाळीस वर्षं महापौर राहिलेल्या जो रायली यांनी २००० साली या संग्रहालयाची कल्पना मांडली होती. ती उभी राहायला दोन दशकांहून जास्त काळ गेला.

ही इमारत जमिनीला टेकलेली नाही. ती १८ खांबांवर, जमिनीपासून १३ फूट उंच उभी आहे, कारण खालची जमीन पवित्र मानून मोकळी ठेवली आहे. खाली बाग आहे आणि बागेच्या कडेला पाण्याचा एक उथळ हौद. त्याच्या फरशीवर माणसांच्या आकृत्या उठावात कोरल्या आहेत. खांद्याला खांदा, पायांशी डोकी, जशी गुलामांच्या जहाजाच्या तळात माणसं ठासून भरत तशा. थोड्या थोड्या वेळाने पाणी वर चढून त्या आकृत्यांना झाकतं आणि पुन्हा ओसरतं. बागेत जायला तिकीट लागत नाही. संग्रहालयाचं तिकीट मात्र ठरावीक वेळेचं असतं आणि ते आधीच काढून ठेवावं. आत कुटुंबांचा इतिहास शोधून देणारा स्वतंत्र विभाग आहे. ज्यांच्या पूर्वजांची नोंद मालकाच्या हिशेबवहीत फक्त वय आणि किंमत एवढीच सापडते, त्यांच्यासाठी या विभागाचं मोल केवढं असेल, हे वेगळं सांगायला नको.

तिथून दहा-पंधरा मिनिटं चाललं की कॅल्हून स्ट्रीटवर पांढऱ्या मनोऱ्याचं इमॅन्युएल चर्च लागतं. प्रेमाने सगळे त्याला ‘मदर इमॅन्युएल’ म्हणतात. १८२२ मध्ये गुलामांच्या उठावाचा बेत केल्याच्या आरोपावरून फाशी गेलेले डेन्मार्क व्हेसी या मंडळीच्या सुरुवातीच्या काळाशी जोडलेले होते. लॉटरीत जिंकलेल्या पैशांतून त्यांनी स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं होतं. याच चर्चमध्ये १७ जून २०१५ च्या संध्याकाळी बायबलच्या अभ्यासाला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांची एका वंशद्वेष्ट्याने गोळ्या घालून हत्या केली. महिन्याच्या आत राज्याच्या विधानभवनासमोरचा यादवी युद्धातल्या दक्षिणी बंडखोरांचा झेंडा उतरवला गेला. गुलामगिरीतल्या आपल्या वाट्याबद्दल चार्ल्सटनच्या नगर परिषदेने १९ जून २०१८ रोजी माफीचा ठराव केला. या शहरात इतिहास जुना होऊन कपाटात बसलेला नाही. तो ताजा आहे, आणि जपून बोलावा असा आहे.

पहिल्या दिवसाची दुपार चाल्मर्स स्ट्रीटवरच्या ओल्ड स्लेव्ह मार्ट म्युझियमसाठी ठेवावी. १८५६ मध्ये शहराने गुलामांचे लिलाव उघड्या रस्त्यावर करायला बंदी घातली. धंदा बंद झाला नाही, फक्त भिंतीआड गेला, आणि ही इमारत त्याच धंद्याची. जागा लहान आहे, तासाभरात बघून होते. वेळ उरला तर १७७३ मध्ये स्थापन झालेल्या चार्ल्सटन म्युझियममध्ये तांब्याचे छोटे बिल्ले पाहावेत. मालक आपला गुलाम दुसऱ्याकडे मजुरीला लावत आणि त्यासाठी नगरपालिकेकडून दरवर्षी पैसे भरून बिल्ला घेत. बिल्ल्यावर शहराचं नाव, वर्ष, क्रमांक आणि कामाचा प्रकार असे. हमाल, नोकर, कोळी. माणसाचं नाव नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बोट पकडून फोर्ट समटरला जावं. बंदराच्या तोंडाशी मानवनिर्मित बेटावर हा विटांचा किल्ला आहे. शहरातल्या लिबर्टी स्क्वेअरहून बोट निघते, अर्धा तास जायला लागतो आणि किल्ल्यावर तासभर मिळतो. पहिल्या बोटीच्या प्रवाशांना ध्वज चढवायला हातभार लावता येतो. मुलांना याचं फार अप्रूप वाटतं. १२ एप्रिल १८६१ रोजी पहाटे साडेचार वाजता किनाऱ्यावरच्या बंडखोर तोफांनी या किल्ल्यावर मारा सुरू केला आणि अमेरिकेचं यादवी युद्ध पेटलं. ३४ तासांच्या तोफमाऱ्यात एकही माणूस मेला नाही. पुढच्या चार वर्षांत मात्र लाखो मेले.

याच बंदरातली आणखी एक पहाट बोटीत बसल्या बसल्या सोबत्यांना सांगावी अशी आहे. रॉबर्ट स्मॉल्स हा २३ वर्षांचा गुलाम ‘प्लँटर’ नावाच्या बंडखोरांच्या लष्करी बोटीवर सुकाणू सांभाळत असे. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपलेले असताना त्याने बोट सोडली, दुसऱ्या धक्क्यावरून आपल्या बायकामुलांना आणि साथीदारांच्या घरच्यांना उचललं आणि कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घालून बोट थेट फोर्ट समटरखालून नेली. ठरलेला शिट्टीचा इशारा त्याने चोख दिला, किल्ल्यावरच्या पहारेकऱ्यांना संशय आला नाही. तोफांच्या टप्प्याबाहेर पडल्यावर बोटीवर पांढरी चादर चढली आणि ती उत्तरेच्या आरमाराच्या स्वाधीन झाली. बोटीवरचे सोळाही जण मुक्त झाले. पुढे स्मॉल्स अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेले आणि ज्या घराच्या मागच्या झोपडीत ते गुलाम म्हणून जन्मले होते ते घर त्यांनी विकत घेतलं.

मराठी प्रवाशाला इथे आपल्या घरचा एक धागाही सापडतो. युद्ध पेटताच उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा अमेरिकी कापूस आटला. गिरणीमालकांनी भारताकडे मोर्चा वळवला. खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरातून जाऊ लागला, भाव आभाळाला भिडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांच्या शेअरवर सट्टा खेळला गेला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि तो सगळा डोलारा कोसळला. त्या तेजीत वर चढलेले प्रेमचंद रायचंद मंदीत होरपळले, पण त्यांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर आजही मुंबईच्या फोर्ट भागात आहे. फोर्ट समटरच्या काळवंडलेल्या विटांसमोर उभं राहून हे आठवलं की जगाचा नकाशा जवळ सरकतो.

किल्ल्यावरून परतल्यावर चार्ल्सटनची दर्शनी बाजू खुशाल डोळे भरून पाहावी. ईस्ट बे स्ट्रीटवरची १३ घरांची ‘रेनबो रो’ मूळची व्यापाऱ्यांची. खाली दुकान, वर बिऱ्हाड. गुलाबी, पिस्ता, पिवळा हे रंग मात्र १९३० च्या दशकात घरं दुरुस्त झाली तेव्हाचे. भिंतींवर जागोजाग लोखंडी चकत्या दिसतील. ३१ ऑगस्ट १८८६ च्या भूकंपात शहर हादरलं, तेव्हा घरं आवळून धरण्यासाठी आरपार लोखंडी सळया घातल्या, त्यांची ही टोकं. काही जुन्या भिंतींच्या विटांवर बारकाईने पाहिलं तर बोटांचे ठसे सापडतात. ओल्या विटा उचलून वाळत घालणाऱ्या गुलामांचे ते ठसे आहेत आणि त्यांत लहान मुलांचेही आहेत. लोखंडी फाटकं बघताना फिलिप सिमन्स हे नाव लक्षात ठेवावं. १९१२ मध्ये जन्मलेल्या या कृष्णवर्णीय लोहाराने शहरभर शेकडो फाटकं, कठडे आणि जाळ्या घडवल्या, आणि १९८२ मध्ये त्यांना पारंपरिक कलांसाठीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला.

घोडागाडीची फेरी घ्यायची तर एक माहीत असावं. कोणती गाडी कोणत्या भागातून जाणार हे निघताना सोडतीने ठरतं, त्यामुळे ‘रेनबो रोवरूनच न्या’ असं सांगून उपयोग नसतो. त्यापेक्षा पायी फिरणं चांगलं. आणि तिकीट काढून एकच घर आतून बघायचं असेल तर ते एकेन-रेट हाउस असावं. इतर घरं डागडुजी करून चकचकीत ठेवली आहेत. हे घर मात्र जसं हाती आलं तसंच राखलं आहे, पोपडे सुटलेल्या भिंती आणि विरलेल्या कागदासकट. त्याचं परसदार, म्हणजे स्वयंपाकघर, तबेला आणि गुलामांच्या खोल्या, जवळजवळ जसंच्या तसं शाबूत आहे.

आता पोटाचं. कोळंबी आणि ग्रिट्स, म्हणजे मक्याचा मऊ रवाळ सांजा, हा इथला प्रसिद्ध पदार्थ. खेकड्याचं सूपही नावाजलेलं. मासे खाणाऱ्याची चंगळ आहे. पण या किनाऱ्याचं खरं जेवण गला गीची लोकांचं. पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या लोकांच्या या वंशजांनी आपली बोली, शेती आणि रांधप जपलं. भातशेतीचं ज्ञान घेऊन आलेली तीच माणसं होती. भेंडीचं सूप, टोमॅटोचा लाल भात, नववर्षाच्या दिवशी आवर्जून होणारा चवळी-भात अर्थात ‘हॉपिन जॉन’. भेंडी, चवळी, तांदूळ, तीळ, साहित्य सगळं ओळखीचं. तिळाच्या पातळ, कुरकुरीत बिस्किटांना तिथे ‘बेने वेफर’ म्हणतात.

शाकाहारी माणसाने मात्र विचारूनच मागवावं. चवळी-भातात आणि पालेभाजीत डुकराचं मांस बहुधा असतंच, ग्रिट्स कधी कोंबडीच्या रश्शात शिजवलेले असतात, हिरव्या टोमॅटोचे काप कोळंबीच्याच तेलात तळले जातात आणि बेने वेफरमध्ये अंडं असतं. वाढणाऱ्याला नीट सांगितलं तर बहुतेक ठिकाणी चीज घातलेले ग्रिट्स आणि भाज्यांचं ताट मिळतं.

तिसरा दिवस शहराबाहेरचा. मॅग्नोलिया आणि मिडलटन प्लेस इथल्या बागा सुंदर आहेत, पण दिवस एकच असेल तर जेम्स आयलंडवरचं मॅक्लॉइड प्लँटेशन निवडावं. जुन्या शहरापासून ते गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. कापसाच्या या मळ्यावर मालकाच्या वाड्यापेक्षा झोपड्यांच्या रांगेची गोष्ट आधी सांगितली जाते. त्या झोपड्यांत १९९० पर्यंत माणसं राहत होती. मळा बघून झाल्यावर दुपारी पूल ओलांडून सलिव्हन्स आयलंडला जावं. पोहायला किनारा आहे आणि फोर्ट मोल्ट्री आहे, जिथे २८ जून १७७६ रोजी पामेटो झाडाच्या मऊ ओंडक्यांच्या तटात ब्रिटिश आरमाराचे तोफगोळे रुतून बसले. राज्याच्या झेंड्यावर ते झाड आहे ते त्यामुळेच. किल्ल्याजवळ काळ्या पोलादाचं एक साधं बाक आहे. गुलामांच्या स्मृतीसाठी या देशात रस्त्याकडेला एक छोटं बाकसुद्धा नाही, अशी खंत कादंबरीकार टोनी मॉरिसन यांनी १९८९ मध्ये बोलून दाखवली होती. २००८ मध्ये त्यांच्या नावाच्या संस्थेने पहिलं बाक इथे बसवलं, कारण जहाजातून उतरवलेल्या माणसांना रोगराईच्या भीतीने आधी याच बेटावर अडकवून ठेवत.

खरेदी एकच सुचवावीशी वाटते, गवती टोपल्यांची. ‘स्वीटग्रास’ नावाचं गवत, लव्हाळा आणि पाइनच्या सुया यांची गुंडाळी करत नेतात आणि पामेटोच्या पट्टीने टाके घालतात. भोक पाडायला चमच्याचा दांडा घासून केलेलं हत्यार असतं, पूर्वी त्या जागी गाईच्या बरगडीचं हाड असे. यातली सर्वांत जुनी, पसरट टोपली भात पाखडायची, अगदी आपल्या सुपाच्या कामाची. सिटी मार्केटच्या लांबलचक पडव्यांत विणणाऱ्या बायका समोर बसून काम करताना दिसतात. तिथे मासे, मांस आणि भाजीपाला विकला जाई, गुलामांचा बाजार तो नव्हता, गुलाम तिथे विकले जात हा गैरसमज मात्र अजून टिकून आहे. माउंट प्लेझंटमध्ये हायवे १७ च्या कडेलाही टोपल्यांच्या लाकडी टपऱ्या आहेत आणि सलिव्हन्स आयलंडहून परतताना तिथे सहज थांबता येतं. लहान टोपलीलाही दिवस लागतात, मोठीला महिने, त्यामुळे किंमत ऐकून दचकू नये आणि घासाघीस तर मुळीच करू नये. फोटो काढण्याआधी विणणारीला विचारावं. मोठी टोपली परवडली नाही तर त्याच गवताचं छोटं फूलही मिळतं, आणि तेही त्याच हातांनी केलेलं असतं.